हाँगकाँगच्या हलक्याफुलक्या कुंग-फू चित्रपटांत एवढे पाहण्यासारखे काय असते?

आपला प्रश्न असा आहे की, हाँगकाँगचे कॅन्टोनीज भाषेतील विनोदी हाणामारीचे चित्रपट लोक चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही पुन्हा पुन्हा का पाहतात. कथा पोरकट, विनोद ढोबळ आणि शेवट ठरलेला असताना त्यांत गुंतून पडण्यासारखे नेमके काय आहे. मी हे चित्रपट शाळकरी वयापासून पाहत आलो आहे, आधी केबलवर हिंदी आवाजात आणि पुढे मूळ कॅन्टोनीजमध्ये, आणि या प्रश्नाचे उत्तर मला एका विशिष्ट चित्रपटात सापडले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९७८ साली युएन वू-पिंग यांनी दिग्दर्शित केलेला 'ड्रंकन मास्टर' आला. त्यात जॅकी चॅन यांनी तरुण वाँग फेई-हाँगची भूमिका केली आहे. हा मुलगा वात्रट, आळशी आणि अंगात रग असलेला आहे, आणि त्याला वळण लागावे म्हणून बाप त्याला सू नावाच्या फाटक्या, दारुड्या, पण पोहोचलेल्या वस्तादाच्या हवाली करतो. वस्ताद त्याला पायांनी उलटा टांगतो, खाली पाण्याने भरलेल्या बादल्या ठेवतो, हातात चहाचे इवलेसे पेले देतो आणि सांगतो की, खालचे पाणी पेल्यापेल्याने वर नेऊन वरच्या बादलीत ओत. प्रत्येक पेल्यासाठी पोराला उलट्या अवस्थेत पोटाच्या बळावर संपूर्ण वर वाकावे लागते. प्रेक्षक हसतात, कारण पोराची फजिती होत असते; पण कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण देह दाखवत असतो, आणि हसता हसताच आपल्या लक्षात येते की समोरचा माणूस हे खरोखर करतो आहे. हसू आणि थक्क होणे एकाच क्षणी येते, आणि एकामुळे दुसरे वाढते. या प्रकारच्या चित्रपटांचे मर्म माझ्या मते इथेच आहे.

ज्या विद्येवरून चित्रपटाला नाव मिळाले, ती तर याहून बोलकी आहे. दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात लढण्याचा हा प्रकार ताओ परंपरेतील आठ अमर सिद्धांच्या नावांनी बसवलेल्या आठ पवित्र्यांचा आहे, आणि त्या आठांत एक स्त्री आहे. आपला नायक सात पवित्रे मन लावून शिकतो आणि आठवा बायकी म्हणून टाळतो. शेवटच्या लढतीत प्रतिस्पर्धी असतो ह्वांग जांग-ली हा कोरियन अभिनेता, ज्याच्या लाथांचा वेग आजही अंगावर येतो, आणि त्याच्यापुढे सातही पवित्रे अपुरे पडतात. वस्ताद आठवा काढायला सांगतो, तेव्हा पोराला कबूल करावे लागते की आपण तो शिकलेलोच नाही. मग वस्ताद म्हणतो की, येते तेवढे एकत्र कर आणि तुझा तू आठवा तयार कर. त्यानंतर जे घडते ते मी कितीदा पाहिले असेल याची गणती नाही. नायक कंबर लचकवतो, मुरका मारतो, साजशृंगार केल्याचा अभिनय करतो, आणि त्याच लचकण्या-मुरडण्यातून एकेक घाव अचूक बसत जातो. ज्याला तो हसला होता तेच त्याला तारते. हा विचार चित्रपट कुठेही शब्दांत मांडत नाही, तो मनगटाच्या एका वळणातून आपल्याला पोहोचवतो.

झोकांड्या खाणाऱ्या माणसाचा तोल दाखवायला तोलावर असामान्य हुकमत लागते. हलकेफुलकेपणा हा या चित्रपटांतला सर्वांत कष्टाचा भाग आहे, असे मी म्हणतो ते त्यामुळे. रागीट चेहऱ्याने सरळ ठोसा मारणारा नट चार महिन्यांच्या तालमीत उभा करता येईल. पण खुर्चीवरून घसरल्याचे दाखवून त्याच घसरण्यात प्रतिस्पर्ध्याचा पाय अडकवणारा आणि पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसणारा नट घडायला बालपण खर्ची पडावे लागते.

आणि ते खरोखरच खर्ची पडले होते. जॅकी चॅन, सामो हंग, युएन ब्याओ, युएन वा, कोरी युएन ही सगळी मंडळी हाँगकाँगमधील यू जिम-युएन या गुरूंच्या शाळेत वाढली, जिथे पेकिंग ऑपेरा म्हणजे गायन, अभिनय आणि कसरती एकत्र असलेले चिनी संगीत नाट्य शिकवले जाई. आईबाप अनेक वर्षांचा करार करून मूल गुरूच्या स्वाधीन करत, आणि मग हातांवर उभे राहणे, कोलांट्या, शस्त्रांचे खेळ, गायन, मुद्राभिनय आणि चुकल्यास छडी, असा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले. त्या मारझोडीचे समर्थन मी करणार नाही. ही मुले शिकून बाहेर पडली तेव्हा ऑपेराचा प्रेक्षक ओसरत चालला होता, म्हणून त्यांनी चित्रपटांत उड्या मारण्याचे आणि मार खाण्याचे काम धरले. रंगभूमीने घडवलेली शरीरे अशी चित्रपटाच्या हाती आली. म्हणून या चित्रपटांतली हाणामारी नृत्यासारखी वाटते, असे जे म्हटले जाते ते अलंकारिक नाही, वंशावळ सांगणारे आहे. 'ड्रंकन मास्टर'मधला म्हातारा वस्ताद रंगवणारे युएन स्यू-तिएन हे स्वतः ऑपेराचे नट होते आणि दिग्दर्शकाचे वडीलही.

एकदा मी त्या चित्रपटातली शेवटची लढत आवाज पूर्ण बंद करून पाहिली आणि नंतर डोळे मिटून नुसती ऐकली. दोन्ही वेळा तिची लय जशीच्या तशी हाती लागली. पाच-सात घावांची जलद लड येते, मग दोघेही क्षणभर पुतळ्यासारखे थांबतात, मग पुढची लड. ते थांबणे ऑपेरातून आले आहे. तिथे वाद्यांच्या ठोक्यावर नट एका मुद्रेत गोठतो आणि प्रेक्षक ती मुद्रा डोळ्यांत साठवून घेतात. तबला ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: लड कितीही गुंतागुंतीची असली तरी ती समेवर येते, आणि सम आली की मान आपोआप हलते. विनोदही याच लयीवर उभा असतो. थांबलेल्या त्या क्षणातच नायक झटकन लाल झालेला हात पाठीमागे लपवून चोळतो, आणि प्रेक्षागृह हसते. अलीकडच्या पुष्कळ मोठ्या चित्रपटांत दृश्याचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की कोणाचा हात कोणाला लागला हेच कळत नाही, आणि जिथे घावच दिसत नाही तिथे त्यावरचा विनोद कसा दिसणार?

वाँग फेई-हाँग या नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बाहेरच्या प्रेक्षकाच्या हातून यातली निम्मी गंमत निसटते. हा माणूस प्रत्यक्षात होऊन गेला. दक्षिण चीनमधील कँटन शहराजवळच्या फोशानचा हा वैद्य आणि युद्धकलेचा वस्ताद १९२५ साली वारला. १९४९ पासून क्वान ताक-हिंग या कॅन्टोनीज ऑपेराच्या नटाने त्याची भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली, आणि त्या चित्रपटांनी त्याची संयमी, नीतिमान, थोरामोठ्यांसारखी बोलणारी प्रतिमा घरोघर रुजवली. 'ड्रंकन मास्टर'ने त्याच पूज्य पुरुषाला पोरवयात नेऊन टवाळखोर केले. ज्या प्रेक्षकाने लहानपणी ती धीरगंभीर मूर्ती पाहिली होती, त्याला हा मुलगा उलटा टांगलेला पाहताना काय वाटले असेल याची कल्पना करा. त्यात अवमान नव्हता. थोर माणूससुद्धा कधीतरी शिकाऊ आणि चुकार होता, हा दिलासा होता.

आणि पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाने 'द मॅग्निफिसंट बुचर'मध्ये सत्तरी ओलांडलेल्या क्वान ताक-हिंग यांना पुन्हा वाँग फेई-हाँग म्हणून उभे केले. त्यात एक प्रसंग आहे: वाँग कुंचल्याने कागदावर अक्षरे काढत आहेत आणि दुसऱ्या तालमीचा वस्ताद त्यांना लिहू द्यायचे नाही या इराद्याने अंगावर येतो. हात अडवले जातात, कागद खेचला जातो, आणि तरीही कुंचला कागदावर येतो तेव्हा रेघ जिथे जाड हवी तिथे जाड आणि जिथे बारीक हवी तिथे बारीक अशीच उमटते. कोणी रक्तबंबाळ होत नाही, कोणाचा सूड उगवला जात नाही. भांडण आहे ते शाईच्या एका ओळीसाठी, आणि त्यातला आनंद निखळ आहे.

आता भाषेविषयी. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हाँगकाँगमध्ये कॅन्टोनीज चित्रपटांची निर्मिती जवळजवळ थांबली होती. लोक बोलत कॅन्टोनीज, पण पडद्यावर मँडरिन ही चीनची प्रमाणभाषा, आणि ब्रूस ली यांचे गाजलेले सुरुवातीचे चित्रपटसुद्धा मँडरिनमध्येच निघाले. घराघरांतली बोली टिकवली ती दूरचित्रवाणीने. मग १९७३ साली चोर युएन यांचा 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स' हा एका दाटीवाटीच्या चाळीसारख्या वाड्यातील भाडेकरूंचा कॅन्टोनीज विनोदी चित्रपट आला आणि त्या वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने सर्वाधिक गल्ला जमवला. मागोमाग मायकेल हुई यांचे विनोदी चित्रपट आले, आणि विनोद स्वतःच्या बोलीत असला की तो किती आत जातो हे निर्मात्यांना उमगले. कुंग-फूच्या चित्रपटांत विनोद शिरला तो या वातावरणात. मारामारी कोणत्याही भाषेत कळते. पण वस्तादाने शिष्याला घातलेली शिवी, भाजीवालीचा टोमणा, हरणाऱ्याची मखलाशी यांना बोलीच लागते. कॅन्टोनीजमध्ये वाक्याच्या शेवटी 'ला', 'आ', 'लो', 'वो' असे छोटे शब्द येतात, जे अर्थात भर न घालता बोलणाऱ्याचा सूर सांगतात, अगदी आपल्या 'ना', 'की', 'बरं', 'हो' यांच्यासारखे. सबटायटलमध्ये ते उतरत नाहीत, तरी कान सरावला की एक 'वो' लांबवल्याने वाक्य कसे खवचट होते ते कळू लागते. हिंदी आवाजातल्या प्रतींमध्ये माझ्या लहानपणी हे सगळे पुसले गेले होते आणि त्या जागी भलतेच विनोद घातले होते. मूळ आवाज ऐकल्यावर मला ते चित्रपट नव्याने भेटले.

या चित्रपटांचे दोषही मोठे आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. जाडेपणावरचे, व्यंगावरचे आणि बायकांवरचे विनोद पुष्कळदा हीन असतात. कथेचे सांधे निखळलेले असतात, कारण अनेकदा पटकथा पुरी नसतानाच चित्रीकरण चालू होई. काही चित्रपट शेवटचा घाव बसताच, कोणाचे पुढे काय झाले हे न सांगता, तिथल्या तिथे संपतात. शिवाय अपघातांचा प्रश्न आहेच: 'प्रोजेक्ट ए' या १९८३ च्या चित्रपटात जॅकी चॅन घड्याळाच्या मनोऱ्यावरून, काट्याला लोंबकळत असताना हात सुटून, कापडी छते फाडत जमिनीवर आदळतात, आणि चित्रपटात ती पडझड लागोपाठ दोनदा दाखवली आहे. मला ते दृश्य पाहताना आनंदापेक्षा धास्ती अधिक वाटते. मात्र त्यातही एक गोष्ट खरी आहे, की पडलेल्या माणसाला लागते. हे नायक विव्हळतात, लंगडतात, पळ काढतात आणि पुन्हा येतात, आणि म्हणूनच त्यांच्या जिंकण्यावर आपला विश्वास बसतो.

कथा पोरकट असते हा आपला आक्षेप बहुतेकांच्या बाबतीत मला मान्य आहे, पण १९८१ चा सामो हंग यांचा 'द प्रॉडिगल सन' पाहून आपण तो पुन्हा तपासावा. फोशानमधील एका धनिकाचा मुलगा, युएन ब्याओ यांनी रंगवलेला, स्वतःला अजिंक्य योद्धा समजतो, कारण बापाच्या पैशाने प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला हरण्यासाठी लाच दिलेली असते आणि ते त्याला माहीतच नसते. त्याचा भ्रम फोडतो तो फिरत्या ऑपेरा मंडळीतला स्त्रीभूमिका करणारा एक नट, ज्याला दम्याचा विकार आहे आणि विंग चुन या युद्धकलेत ज्याचा हात धरणारा कोणी नाही. लॅम चिंग-यिंग यांनी ही भूमिका इतक्या संयत डौलाने केली आहे की, बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला त्या वेशातल्या माणसाची प्रतिष्ठा सांगावी लागणार नाही. पुढे दुसरा एक श्रीमंत तरुण येतो. तो खरोखर निपुण असतो, पण त्याला हरवू शकेल असा कोणी दिसला की त्याचे रक्षक त्याच्या नकळत त्या माणसाचा काटा काढतात. एका मुलासाठी हार विकत घेतली जाते आणि दुसऱ्यासाठी जिंकू शकणाऱ्यांना मारले जाते, आणि दोघांनाही आपली खरी किंमत कधी कळू दिलेली नसते. या दोन घरांची जोडी हसवता हसवता मांडणाऱ्या कथेला पोरकट म्हणणे मला जड जाते. मध्येच एका रात्री तो चित्रपट अचानक भीषण होतो, आणि काही क्षणांपूर्वी हसणारे प्रेक्षक गप्प होतात. तो धक्का सोसण्याची तयारी ठेवा.

आपण यांतले काहीच पाहिले नसेल तर 'ड्रंकन मास्टर'पासून आरंभ करावा, मूळ कॅन्टोनीज आवाजातली प्रत मिळवावी आणि पहिल्या अर्ध्या तासातल्या ढोबळ विनोदांवरून मत बनवू नये. वस्ताद येईपर्यंत थांबावे.