स्मार्ट पथदिवे खरंच ‘फुकटात’ पडतात का?

प्रश्न असा आहे: आमच्या नगरपरिषदेपुढे शहरातले सगळे पथदिवे बदलून ‘स्मार्ट’ एलईडी करण्याचा प्रस्ताव आलाय. कंपनी म्हणते, पैसा आमचा, तुम्ही फक्त वीजबिलात वाचलेल्या रकमेतून सात वर्षं हप्ता द्या. मी पहिल्यांदाच निवडून आले आहे. हे खरं आहे का? आणि खांबांवर कॅमेरे, वायफाय पण घ्यावं का?

ताई, खरं असू शकतं. पण सभेत हात वर करण्याआधी एक काम करा. एखाद्या रात्री नऊ वाजता वायरमनला सोबत घ्या, दुचाकीवर बसा आणि तुमच्या प्रभागातले पेटलेले दिवे मोजा. पेटलेले, लावलेले नव्हेत.

मी एका छोट्या नगरपरिषदेच्या विद्युत विभागात तेवीस वर्षं काढली. असाच प्रस्ताव आमच्याकडे आला तेव्हा कंपनीच्या माणसाने दिव्यांचं रजिस्टर मागितलं. खांब क्रमांक, फिटिंगचा प्रकार, वॅट, सगळं सुवाच्य अक्षरात. त्यावरून त्याने आजचा वापर काढला, नव्या दिव्यांचा काढला, वजाबाकी केली आणि साठ टक्के बचत पडद्यावर दाखवली. मुख्याधिकारी खूश. चहा झाल्यावर आमचा वायरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, त्यातले कितीतरी बंदच आहेत. जो दिवा वीज खातच नाही, तो वाचवणार काय?”

मग आम्ही दोघं तीन रात्री फिरलो. त्याच्या हातात खडू, माझ्या हातात रजिस्टर. पेटलेल्याला फुली, बंदला गोल. जवळपास एक तृतीयांश गोल निघाले. कुठे खांब होता पण फिटिंग नव्हतं, कुठे फिटिंग लोंबकळत होतं. एक खांब तर रस्तारुंदीत गेलेला, पण रजिस्टरात अजून १५० वॅटने जळत होता! आता गंमत बघा. नवे दिवे लावले की ते सगळे पेटणार. म्हणजे जे आजवर वीज खात नव्हते, तेही खाऊ लागणार. रस्ते उजळतील, हे चांगलंच आहे, पण बिल कंपनीने दाखवलं तितकं उतरणार नाही. आणि हप्ता जर रजिस्टरच्या आकड्यावर बांधलेला असेल, तर फरक तुमच्या तिजोरीतून जाणार. ‘बचतीतून हप्ता’ हे वाक्य तिथे संपतं.

आता हिशेब. रस्त्यावरचा दिवा वर्षाला साधारण ४,००० तास जळतो. २५० वॅटचा जुना सोडियम दिवा चोकसकट २८० वॅटच्या आसपास घेतो. त्याजागी १२० वॅटचा एलईडी बसवला तर १६० वॅट वाचले, वर्षाचे ६४० युनिट. युनिटला सात रुपये धरले तर साडेचार हजारांच्या जवळ. हा सौदा डोळे झाकून करावा. पण गल्लीतली जुनी चाळीस वॅटची ट्यूब घ्या. चोकसकट ती पन्नासच्या थोडी वर जाते, त्याजागी २० वॅटचा दिवा आला तर वर्षाला सव्वाशे-दीडशे युनिट, म्हणजे हजाराच्या आतबाहेर. आणि खांबावर शिडीची गाडी नेऊन दिवा बदलण्याचा खर्च दोन्हीकडे तोच. लहान गावांत ट्यूबा जास्त, सोडियम कमी. मोठ्या शहराचा आकडा दाखवून छोट्या गावाला प्रस्ताव विकला जातो तो इथे फसतो. तुमच्याकडे कोणत्या वॅटचे किती आहेत, हे विचारा आणि प्रत्येकाचा वेगळा हिशेब मागा.

हे मॉडेल मुळातच खोटं आहे असं मात्र समजू नका. आपल्या अकोल्यात २००७ मध्ये, एलईडी स्वस्त होण्याच्या कितीतरी आधी, महापालिकेने साडेअकरा हजारांहून जास्त पथदिवे याच पद्धतीने बदलले होते. तेव्हा लागल्या टी-फाइव्ह, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बारीक ट्यूबा. खर्च कंपनीने केला, सहा वर्षांचा करार झाला आणि तपासून सिद्ध झालेल्या बचतीचे ९५ टक्के कंपनीला द्यायचे ठरले. वीजवापर ५६ टक्क्यांनी उतरला, वर्षाला एकवीस लाख युनिट वाचले आणि भांडवल वर्षाच्या आत वसूल झालं. जागतिक बँकेने त्याचा अभ्यास छापला. त्यातले दोन शब्द नीट धरा: ‘तपासून सिद्ध’. रजिस्टर बघून नाही, मोजून. पुढे ५ जानेवारी २०१५ ला केंद्राने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत याच धाटणीने देशभर एक कोटी तीस लाखांच्या आसपास दिवे बदलले गेले. दिवा बदलून वीज वाचते यात वादच नाही. वाद आहे तो कोण मोजतं आणि कोण भरतं यात.

मोजायला मीटर लागतो, आणि मीटर असतो पेटीत. म्हणून माझ्या मते प्रस्तावातला सगळ्यात महत्त्वाचा भाग दिवा नसून रस्त्याकडेची ती गंजलेली पेटी, फीडर पॅनल, हा आहे. एका भागातल्या दिव्यांची लाइन, म्हणजे फीडर, तिथून निघते. तुमच्या गावातली एखादी उघडून बघा (वायरमनकडून, स्वतः हात घालू नका). आमच्या एका पेटीत टायमर होता, पण त्याला वळसा घालून वायरचा एक तुकडा थेट जोडलेला. कॉन्टॅक्टर, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर लाइन चालू-बंद करणारा स्विच, चिकटायचा, दिवे लागायचे नाहीत, लोक ओरडायचे, म्हणून कुणीतरी केलेला तो कायमचा तात्पुरता उपाय. परिणाम, भर दुपारी बारा वाजता चौकातले दिवे चालू. वायरमन हाताने बंद करायचा. तो गावच्या जत्रेला गेला की चार दिवस दिवसाढवळ्या दिवाळी.

‘स्मार्ट’ म्हणजे काय, तर बहुतेक ठिकाणी इतकंच: त्या पेटीत नवा मीटर, सिमकार्ड असलेला नियंत्रक आणि सूर्यास्त-सूर्योदयाच्या वेळा ठाऊक असलेला टायमर. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैत सव्वासातला, साधा टायमर वर्षभर एकच वेळ धरून बसतो. कोणत्या फीडरवर किती वीज गेली, कुठला फीडर बंद पडला, दिवसा कुठे चालू राहिला, हे ऑफिसात बसून दिसतं. तुमच्या आकाराच्या गावाला एवढा स्मार्टपणा पुरतो. प्रत्येक दिव्यात वेगळी चिप, प्रत्येक दिवा मोबाइलवरून चालू-बंद, हे महामार्गाला आणि मोठ्या शहराला ठीक. तुमच्याकडे त्याचा खर्च निघणार नाही आणि तीन वर्षांत ते सॉफ्टवेअर उघडणारा माणूस बदली होऊन गेलेला असेल. त्यापेक्षा रात्री बारानंतर दिवा आपोआप मंद करणारा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं दिव्यातलं सर्किट, मागा. स्वस्तात पडतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. दिवे बदलल्यावर भार उतरला की वीज कंपनीकडे मंजूर भार कमी करण्याचा अर्ज लगेच टाका. स्थिर आकार भारावर लागतो. अर्ज पडून राहिला तर युनिट कमी होऊनही बिलातला तो भाग जागचा हलत नाही. आमच्याकडे तो अर्ज टेबलावर आठ महिने होता, आमच्याच टेबलावर.

प्रकाशाबद्दल. नव्या दिव्यांनंतर पहिली तक्रार येते, “लख्ख आहे पण खांबाखालीच आहे, मधे अंधार.” ती खरी असते. जुना सोडियम चौफेर सांडायचा, एलईडीचा झोत बांधलेला असतो. आणि गावातले खांब मुळात वीजतारांसाठी उभे केलेले, दिव्यांसाठी नाहीत. दोन खांबांत तीस-चाळीस मीटर सहज असतात. भारतीय मानकात मुख्य वर्दळीच्या रस्त्याला सरासरी ३० लक्स (रस्त्यावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक), त्याखालच्या मोठ्या रस्त्याला १५, वस्तीतल्या मुख्य रस्त्याला ८ आणि आतल्या गल्लीला ४ असं सांगितलंय. करारात ‘अमुक वॅटचे दिवे’ न लिहिता ‘अमुक रस्त्यावर इतके लक्स, दोन खांबांच्या मधेही मोजून’ असं लिहून घ्या. लक्स मीटर काही हजारांत मिळतो. सदस्यांनी तो घेऊन एक रात्र फिरावं. ठेकेदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

रंगावरही बोला. २०१५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, राणीचा हार विझला म्हणून. तो सौंदर्याचा वाद होता, पण २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही निळसर पांढऱ्या पथदिव्यांविरुद्ध बोलून ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे उबदार रंगाचे दिवे सुचवले. घरांच्या खिडक्यांसमोर तरी उबदार रंग मागा. म्हातारी माणसं दुवा देतील.

आता दिवा जळण्याबद्दल. एलईडीचं आयुष्य पन्नास हजार तास, असं माहितीपत्रकात असतं. मरतो तो एलईडी नाही, त्यामागचा ड्रायव्हर. आपल्याकडे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला की फीडरवर भलतंच व्होल्टेज येतं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडली की रांगेत दहा-बारा दिवे जातात. आमच्या पहिल्या खेपेचे असेच गेले. ठेकेदार म्हणाला, ‘नैसर्गिक आपत्ती’. हमीपत्रात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. म्हणून दहा किलोव्होल्टचं सर्ज संरक्षण (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव), काही तास ४४० व्होल्ट सोसणारा ड्रायव्हर आणि प्रत्येक पॅनलला अर्थिंग या तिन्ही गोष्टी निविदेत हव्यात. वॉरंटीत वीज पडणं आणि जादा व्होल्टेज वगळलेलं नको. मोठ्यांचीही फजिती होते. अमेरिकेतलं डेट्रॉइट २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा तिथले चाळीस टक्क्यांच्या आसपास दिवे बंद होते. कर्जरोखे काढून त्यांनी २०१६ अखेर ६५,००० एलईडी लावले, आणि काही वर्षांतच त्यातले हजारो अकाली मंदावू लागल्यावर उत्पादकाला कोर्टात खेचावं लागलं.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. कंपनीला हप्ता वेळेवर मिळाला नाही तर ती दुरुस्तीची गाडी पाठवणं बंद करते. यात मी तिला पूर्ण दोष देत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातही स्थानिक संस्थांची थकबाकी हे मोठं दुखणं ठरलं. आपण पगार, पाणी, कचरा आधी भागवतो आणि पथदिव्यांचा हप्ता मार्चवर ढकलतो. त्यामुळे हप्त्यासाठी वेगळं एस्क्रो खातं (ज्यातले पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत) आणि त्याला जोडूनच दंडाचं कलम मागा: बंद दिवा ४८ तासांत चालू झाला नाही तर दिवसागणिक कपात. दोघांनाही टोचलं पाहिजे, एकालाच नव्हे.

कॅमेरे आणि वायफाय? माझ्या मते घेऊ नका. अमेरिकेतल्याच सॅन दिएगोने २०१६ मध्ये वाहतूक मोजायला म्हणून खांबांवर कॅमेरेवाले स्मार्ट दिवे घेतले. पुढे ते चित्रण पोलिस वापरतात हे कळल्यावर लोक भडकले आणि २०२० मध्ये महापौरांना ते बंद करावे लागले. तुमच्याकडे वाद व्हायच्या आधीच इंटरनेटचं बिल थकून ते बंद पडतील, हा भाग वेगळा. कॅमेरे हवेच असतील तर पोलिस ठाण्याशी बोलून, वेगळ्या निधीतून, चार चौकांत लावा. पथदिव्यांच्या हप्त्यात ते मिसळू देऊ नका, नाहीतर बचत कुठली आणि खर्च कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही.

फक्त एक करा. मुख्य रस्त्याला नवे खांब आणि केबलसाठी खोदणार असालच, तर त्याच चरीत एक रिकामा पाइप टाकायला सांगा. मीटरला थोडेच रुपये वाढतात. पाच वर्षांनी कुणाला कॅमेरा, वायफाय, काहीही हवं झालं तरी नवा डांबरी रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही. आमच्याकडे तो दोनदा फोडला.