अण्णांच्या औषधांची वही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासऱ्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात पसरलाय. मुंबईहून राजापूरला परतताना पिशवीत ॲबिराटेरोन ही कॅन्सरची गोळी, तिच्या जोडीचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, कॅल्शियम आणि दुखण्यावरचं मॉर्फिन दिलंय, शिवाय दर महिन्याला हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन. कुठली गोळी कधी द्यायची आणि मॉर्फिन द्यावं की नाही, यावरून घरात वाद चाललाय. मी डॉक्टर नाही. वेंगुर्ल्यात राहून माझ्या वडिलांना, अण्णांना, हीच औषधं साडेतीन वर्षं दिली. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी घरात काय सांभाळावं लागतं तेवढंच सांगतो.

आधी माझी चूक सांगतो. दुसऱ्या पावसाळ्यात अण्णांची कंबर फार दुखायला लागली. बाहेर धो धो पाऊस, म्हणून जवळच्याच एका दवाखान्यात नेऊन तीन दिवस डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. तिथे कॅन्सरच्या गोळ्यांचं सांगितलं, पण महिन्याच्या सलाईनबद्दल बोललोच नाही. ते इस्पितळातच लागायचं, त्यामुळे औषधांच्या यादीत ते माझ्या डोक्यातच नव्हतं. झोलेड्रॉनिक ॲसिडचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि डायक्लोफेनॅकचाही पडतो. त्यात अण्णांचं पाणी पिणं कमी झालेलं. चौथ्या दिवशी ते गुंगीत गेले. हाक मारली की डोळे उघडायचे, अर्धं वाक्य बोलायचे, पुन्हा मिटायचे. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नव्हतं. मॉर्फिनचा निचरा लघवीवाटे होतो. मूत्रपिंड मंदावलं की रोजचाच डोस अंगात साठत जातो. एकही गोळी चुकली नव्हती. फक्त सगळी औषधं एका जागी मांडून कोणी बघितली नव्हती, आणि ते काम माझं होतं.

त्या दिवशी शाळेच्या मुलांची दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर औषध, वेळ, दिल्याची खूण. उजव्या पानावर बीपी, लघवी, शौच, दुखणं किती, पायाला सूज आहे का. पहिल्या पानावर सलाईनची तारीख आणि त्याआधीचं क्रिएटिनिन. गावातल्या डॉक्टरांकडे साध्या तापाला गेलो तरी वही आधी टेबलावर. तुम्हीही आजपासून हेच करा. आणि वहीत लोक ज्याला औषध म्हणत नाहीत तेही लिहा. आमच्याकडे करोनापासून गुळवेलीचा काढा रोज व्हायचा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत, आणि ॲबिराटेरोनचाही त्रास यकृताला होऊ शकतो, म्हणून तर सुरुवातीचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी लिव्हरची तपासणी सांगतात. काढा मी डॉक्टरांना विचारून बंद केला.

आता ॲबिराटेरोनची वेळ, कारण यात कोकणातली घरं हमखास अडकतात. ही गोळी रिकाम्या पोटीच. आधी दोन तास काही खाल्लेलं नको आणि नंतर एक तास काही खायचं नाही, फक्त पाणी. अन्नाबरोबर घेतली तर ती रक्तात कितीतरी पट जास्त उतरते, तुपातेलाच्या जेवणाबरोबर तर दहा पटीपर्यंत. अण्णा म्हणायचे, "रिकाम्या पोटार गोळी घेतलंय तर पोटात आग पडतली." उठल्या उठल्या चहा-बटर आणि दहाला उकड्या तांदळाची पेज, हा त्यांचा सत्तर वर्षांचा नेम. शेवटी साडेपाचला उठल्यावर गोळी, साडेसहा वाजून गेल्यावर चहा, असं बसलं. गोळी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढीच द्यायची, दुप्पट नाही. तुमच्या जाऊबाई गरोदर आहेत असं लिहिलंय. त्यांनी ही गोळी हाताळू नये, तुटलेली तर मुळीच नाही.

प्रेडनिसोलोन मात्र खाल्ल्यावर. "स्टेरॉइड वाईट" म्हणून कोणीतरी पाहुणा ती बंद करायला सांगेल, आमच्याकडेही सांगितलं. ॲबिराटेरोनमुळे बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं, अंगावर पाणी चढतं, आणि ही गोळी त्याला आवर घालते. मनाने एकदम थांबवणं धोक्याचं. मीठही आवरा. पावसाळ्यात सुकट, खारा बांगडा आणि लोणचं यावरच जेवण चालतं, आणि अण्णांचं बीपी त्याच महिन्यांत चढायचं.

मॉर्फिनची भीती मी समजू शकतो. शेजारी म्हणतात, व्यसन लागेल, हे शेवटचं औषध आहे. तसं नाही. हाडातल्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात, ठरल्या वेळी दिलं तर माणूस बसतो, जेवतो, बोलतो. दुखणं सहन होईनासं होईपर्यंत थांबू नका. पण नियम कडक ठेवा. दारू आणि झोपेची गोळी यांच्या जोडीला नको, श्वास मंदावतो. हळूहळू काम करणारी गोळी असेल तर ती कुटून किंवा चावून द्यायची नाही, कारण सगळा डोस एकदम सुटतो. कपाट कुलूपबंद, गोळ्या मोजून, उरल्या तर जिथून मिळाल्या त्या केंद्रात परत. हाक मारून जागे होत नसतील किंवा श्वास फार सावकाश चालला असेल तर पुढचा डोस देऊ नका आणि १०८ ला फोन करा.

मॉर्फिनचा खरा रोजचा त्रास बद्धकोष्ठ. शौचाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं, तुमच्या यादीत ते दिसत नाही. इसबगोल घरात असतो म्हणून तोच देतात, पण पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात तो अडकून बसतो. डॉक्टरांकडून योग्य ते लिहून घ्या.

सलाईनच्या आधी दात दाखवून घ्या. त्या औषधावर असताना दात उपटला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. अण्णांची दोन खुंटं काढून जखम भरल्यावरच पहिलं सलाईन दिलं होतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चुकवू नका. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना कळवा.

हाडवैद्याकडे नेऊ नका. कंबर चोळून, ओढून बरं वाटेल म्हणून लोक नेतात, पण पोखरलेलं हाड दाबाने मोडतं. आणि पाय जड किंवा लुळे वाटले, कंबरेखाली बधिर झालं, लघवी अडली, तर मज्जारज्जू दाबला जात असेल. त्याच रात्री निघा, सकाळच्या गाडीची वाट बघू नका. एमआरआय जवळ कुठे होतो ते आजच चौकशी करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जुलैआधी सगळ्या गोळ्या दोन आठवडे पुरतील अशा जादा आणा. मॉर्फिन जास्त देत नाहीत, तेव्हा त्याची तारीख वेगळी सांभाळा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं आणि रेल्वे बंद पडली, तेव्हा मुंबईहून यायची आमची पिशवी चार दिवस अडकली होती.

आज रात्री सासऱ्यांना एक विचारा, शौचाला शेवटचं कधी झालं. दोन दिवसांहून जास्त झाले असतील तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा आणि उत्तर इथे कळवा.