कोस्टा रिकातल्या व्हिलाचा आठवा हिस्सा घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: वाचक 58 वर्षांचे, शिरोलीत त्यांचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. शेजारचा स्वतःचा प्लॉट विकून 1 कोटी 60 लाख आले. ह्यूस्टनला असलेल्या जावयाने कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमधल्या व्हिलाचा आठवा हिस्सा सुचवला आहे. किंमत 90 हजार डॉलर. पहिली तीन वर्षं 9 टक्के खात्रीशीर भाडं, वर्षाला चार आठवडे स्वतःला राहायला. त्याशिवाय 15 हजार डॉलर भरले तर मासेमारीच्या बोटीत हिस्सा. बोटीचे पैसे ओव्हरड्राफ्टमधून काढायचा विचार आहे. वाचकांना पंचगंगेवर गळ टाकून बसायचा जुना नाद, त्यामुळे सेलफिशचे फोटो बघून मन ओढलं गेलंय, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. माहितीपत्रकही सोबत जोडलं आहे.

नमस्कार. माहितीपत्रक पूर्ण वाचलं. घेऊ नका, असं माझं मत आहे. जावईबापूंच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही, पण हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही.

आठ हिस्सेदार, प्रत्येकाला चार आठवडे, म्हणजे 32 आठवडे मालकांचेच झाले. भाड्याने द्यायला उरले 20 आठवडे, म्हणजे 140 रात्री. पत्रकात रात्रीचं भाडं 400 डॉलर लिहिलंय. एकही रात्र रिकामी गेली नाही असं धरलं तरी वर्षाचे होतात 56 हजार डॉलर. आणि कंपनी आठ जणांना मिळून 9 टक्क्यांनी देणार 64,800. यात अजून माळ्याचा पगार नाही, वीज नाही, बुकिंग साइटचं कमिशन नाही. छोट्या मुक्कामाच्या भाड्यावर तिथे 13 टक्के व्हॅट आहे, तोही धरलेला नाही. मग वरचे पैसे येणार कुठून?

त्याचं उत्तर त्याच पत्रकात आहे. आठ हिस्से गुणिले 90 हजार म्हणजे 7 लाख 20 हजार डॉलर. त्याच वसाहतीत तसाच अख्खा व्हिला 5 लाख 30 हजाराला विक्रीला आहे, याची लिंक तुम्हीच पाठवली आहे. फरक 1 लाख 90 हजाराचा. आता तीन वर्षांच्या खात्रीशीर भाड्याची बेरीज करा: 64,800 गुणिले तीन, म्हणजे 1 लाख 94 हजार 400. दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की मी दोनदा तपासले. फर्निचर, विक्रीचा खर्च वगैरे थोडं इकडेतिकडे होईल, पण मुद्दा बदलत नाही. तुमच्याकडून आधी जास्त घ्यायचं आणि तेच तीन वर्षं हप्त्याहप्त्याने तुम्हाला परत द्यायचं, अशी ही रचना आहे. वर त्या हप्त्यावर तुम्ही इथे आयकर भरणार, कारण भारतात राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. चौथ्या वर्षापासून देखभाल 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' असं बारीक अक्षरात छापलंय. समुद्राची खारी हवा, स्विमिंग पूल, वाळवी, विमा यांचा प्रत्यक्ष खर्च किती येतो हे तारकर्लीत होमस्टे चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता जागेच्या कागदांबद्दल. पत्रकात मोठ्या अभिमानाने 'समुद्रापासून फक्त 80 मीटर' लिहिलंय. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. कोस्टा रिकात 1977 चा सागरी पट्ट्याचा कायदा आहे. भरतीच्या रेषेपासून पहिले 50 मीटर सार्वजनिक, तिथे कुणाचीच मालकी चालत नाही. त्यापुढचे 150 मीटर नगरपालिका मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते, तोही 5 ते 20 वर्षांचा. पाच वर्षं त्या देशात न राहिलेल्या परदेशी माणसाला हा पट्टा मिळत नाही. अर्ध्याहून जास्त भांडवल परदेशी असलेल्या कंपनीलाही मिळत नाही. काही जुन्या जागांना खरी मालकी आहे, पापागायो द्वीपकल्पाच्या पर्यटन प्रकल्पाला वेगळा कायदा आहे, हे मान्य. पण तुमचा व्हिला त्यात बसतो याचा एकही कागद पत्रकासोबत नाही. आठ परदेशी हिस्सेदार 80 मीटरवर बसलेत, तर पट्टा नक्की कुणाच्या नावावर आहे? तिथल्या राष्ट्रीय नोंदणी कार्यालयात जागांची नोंद असते. तो उतारा मागवा. कोल्हापुरात आपण सातबारा बघितल्याशिवाय विसार देत नाही, मग तिथे का द्यायचा?

बहुतेक वेळा उत्तर येईल की 'जागा कंपनीच्या नावावर आहे, तुम्हाला कंपनीचे शेअर मिळतील'. तसं असेल तर तुम्ही घर विकत घेत नाही, नोंदणी नसलेल्या परदेशी कंपनीत गुंतवणूक करताय. त्याला रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांचा वेगळा मार्ग आहे. आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा टक्के. 10 टक्क्यांच्या वर असल्यामुळे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत अहवाल द्यावा लागेल. शिवाय आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट दरवर्षी भरायचं. ते राहून गेलं तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. तुमच्या सीएंची फी त्यांना आजच विचारून ठेवा.

पैसे पाठवण्याचं गणित तुलनेने सोपं आहे. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्या मर्यादेत तुम्ही आरामात बसता. हिशेबापुरता डॉलर 90 रुपये धरला तर 90 हजार डॉलरचे 81 लाख होतात. पहिल्या 10 लाखांवर काही नाही, उरलेल्या 71 लाखांवर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापणार, म्हणजे 14 लाख 20 हजार. हे पैसे बुडत नाहीत, आयकरात वळते होतात किंवा परताव्यात मिळतात, पण काही महिने अडकतात. म्हणजे त्या दिवशी खात्यातून 95 लाख जाणार. ओव्हरड्राफ्टचा विचार मात्र सोडून द्या. अशा भांडवली खरेदीसाठी परदेशी पैसे पाठवायला बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे.

बोटीबद्दल फार लिहीत नाही. डिझेल, कप्तान, विमा आणि मरिनाचं भाडं ती रोज खाते आणि दरवर्षी तिची किंमत उतरते. नको.

'डॉलरमध्ये कमाई' हा जावयांचा मुद्दा मला पटतो. 2010 च्या आसपास 45 रुपयांना मिळणारा डॉलर 2023 संपताना 83 वर गेला होता. पण या व्हिलाचा खर्च डॉलरमध्ये नाही, तो कोलोन या तिथल्या चलनात आहे. 2022 च्या मध्याला एका डॉलरला 700 च्या जवळ कोलोन मिळत होते, 2024 च्या सुरुवातीला ते 500 च्या थोडेच वर राहिले. डॉलरमध्ये भाडं घेऊन कोलोनमध्ये पगार देणाऱ्या तिथल्या हॉटेलवाल्यांचं कंबरडं त्यात मोडलं. तुम्हाला परदेशी चलनातला हिस्सा हवा असेल तर परदेशी निर्देशांकावरच्या म्युच्युअल फंडात दहा-पंधरा लाख टप्प्याटप्प्याने टाका. त्यातले काही फंड अधूनमधून नवीन पैसे घेणं थांबवतात, तेवढं बघून घ्या.

आता हौसेबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणताय, पण पॅसिफिक बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबर हे सगळ्यात जास्त पावसाचे महिने. कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, आणि सेलफिशसाठी लोक केपोस, हेराडुराच्या मरिनांवर जमतात तेही त्याच दिवसांत. हे साधारण 21 आठवडे आठ मालकांत वाटले की तुमच्या वाट्याला अडीच येतात. तुमचे बाकीचे दिवस पावसाळ्यात. आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो: तिथे सेलफिश आणि मार्लिन पकडला की सोडूनच द्यावा लागतो. टूना आणि डोराडो तेवढे ताटात येतात.

पण जा. लेकीकडे जाल तेव्हा ह्यूस्टनहून थेट विमान आहे. असाच व्हिला 14 रात्री भाड्याने घेतला तर 5,600 डॉलर, दोन दिवसांच्या चांगल्या बोटीला अडीच-तीन हजार धरा, तिकिटं आणि खाणंपिणं मिळून दोघांचं बारा-तेरा लाखांत होईल. 81 लाख इथे साध्या 6.5 टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तरी 30 टक्के कर वजा जाता वर्षाला साधारण 3 लाख 70 हजार हातात येतात. तीन-साडेतीन वर्षांतून एकदा, मुद्दलाला धक्का न लावता, हव्या त्या महिन्यात.

शेवटी तुम्ही विचारलंय, 'मग मालवणला जागा घेऊ का?' त्याचं हो-नाही मी आज देत नाही. तिथेही सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आहे, सातबाऱ्यावर मुंबईपासून गोव्यापर्यंत विखुरलेल्या भाऊबंदांची नावं असतात, आणि जून ते ऑगस्ट धंदा जवळजवळ बंद. पण निदान गगनबावड्यावरून उतरून चार तासांत स्वतः बघून येता येतं. कागद जमले की पाठवा, बघू.

जावयांना थेट नाही म्हणणं अवघड जात असेल तर तीन गोष्टी मागा: नोंदणीचा उतारा, पट्टा कुणाच्या नावावर आहे त्याची प्रत, आणि मागच्या दोन वर्षांत ज्यांनी हिस्सा विकला त्यांना काय भाव मिळाला याचा पुरावा. तिसरी गोष्ट बहुधा येणारच नाही. लेकीला काही द्यायचंच असेल तर तिच्या नावाने उघड भेट द्या, पुढे त्याचं काय करायचं ते दोघं ठरवतील.

त्याआधी एक घाईचं काम. हे 1 कोटी 60 लाख कर भरून उरलेले आहेत की कर भरायच्या आधीचे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. भांडवली नफ्यावर घराची सूट भारतातल्या घरालाच मिळते, कोस्टा रिकातल्या नाही. नफा गुंतवून कर वाचवायचे सरकारी रोखे 50 लाखांपर्यंत घेता येतात, पाच वर्षं अडकतात, आणि विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावे लागतात. खरेदीखताची तारीख बघा आणि या आठवड्यातच सीएंकडे जा.