राज्यात चालतं, व्हिसाला चालत नाही

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी एका ओळीत देतो: यापुढे गांजा घेऊ नकोस, आणि आधी घेतलास त्याबद्दल कुठल्याही फॉर्मवर काही लिहिण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला भेट. अरे-तुरे करतोय त्याचा राग मानू नकोस, माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस. त्याचंही पुढे सांगणारच आहे.

तू लिहिलंस ते असं. न्यू जर्सीत एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेस, ग्रीन कार्डच्या रांगेत आहेस. मित्रांबरोबर दुकानात जाऊन, टॅक्स भरून, पावती घेऊन दोनदा गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) घेतल्यास. शिवाय डिस्पेन्सरींसाठी, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानांसाठी, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीची ऑफर हातात आहे आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. "सरकारच परवाना देतं, मग गुन्हा कसला?" हा तुझा सवाल. तुझ्या पोस्टखाली तीन-चार जणांनी "बिनधास्त जा" असंही सांगून टाकलंय. त्यातले किती जण अजून व्हिसावर आहेत ते त्यांना विचार.

न्यू जर्सीने गांजा कायदेशीर केला असं आपण सर्रास बोलतो. खरं तर राज्याने फक्त स्वतःची शिक्षा काढून घेतली, तेवढंच त्याच्या हातात होतं. वाड्याच्या एकाच दाराला दोन भावांची दोन कुलपं असावीत आणि एकाने आपलं काढून न्यावं, तसा हा प्रकार आहे. दुसरं कुलूप फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाच्या सरकारचं: १९७० च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्टचं. त्यात गांजा हेरॉईनच्या शेजारी, पहिल्या म्हणजे सगळ्यात कडक यादीत टाकला गेला. मग दुकानं चालतात कशी? कारण राज्यांच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपण्याचा अधिकार फेडरल सरकारला नाही (१९९७ मध्ये बंदुकांच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं), आणि फेडरल एजंट गल्लोगल्ली पुरतील इतके नाहीत. तुला पोलीस पकडत नाही तो एवढ्यामुळे. गुन्हा नाही म्हणून नव्हे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. तिथे १९९६ मध्ये मतदारांनी औषधी वापराला परवानगी दिली. डायॅन मॉन्सन नावाच्या बाईंनी डॉक्टरच्या सल्ल्याने घरी गांजाची सहा झाडं लावली होती. ऑगस्ट २००२ मध्ये काउंटीचे (जिल्ह्याचे) अधिकारी आणि फेडरल एजंट दोघंही त्यांच्या दारात आले. काउंटीवाल्यांनी पाहणी करून सांगितलं, हे राज्याच्या कायद्यात बसतं. फेडरल एजंट ऐकेनात. तीन तास वाद झाला आणि शेवटी त्यांनी सहाच्या सहा झाडं जप्त करून नष्ट केली. खटला सुप्रीम कोर्टात गेला, एंजल रेच या दुसऱ्या रुग्णाच्या नावाने तो ओळखला जातो. जून २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला: घरात लावलेलं, न विकलेलं झाड असलं तरी काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कायदा लागू. आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारात तेही येतं, असं कोर्टाचं म्हणणं. १९४२ मध्ये एका शेतकऱ्याने जनावरांसाठी पिकवलेल्या जादा गव्हाबद्दल दिलेला निकाल त्यासाठी आधाराला घेतला होता. तो २००५ चा निकाल आजही उभा आहे.

त्यानंतर २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी औषधाची अटही काढली. ऑगस्ट २०१३ मध्ये न्याय खात्याने, नियम पाळणाऱ्यांच्या मागे लागू नका, असं पत्र आपल्या सरकारी वकिलांना पाठवलं. लोकांना वाटलं प्रश्न मिटला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ ला सर्वांसाठी विक्री सुरू झाली आणि ४ जानेवारीला तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ते पत्र मागे घेतलं. पत्रच ते, एका सहीने आलं, एका सहीने गेलं. काँग्रेस २०१४ पासून खर्चाच्या विधेयकात, न्याय खात्याने राज्यांच्या आड येण्यावर पैसा खर्चू नये, अशी एक अट घालत आली आहे, पण ती फक्त औषधी गांजाच्या राज्य-कायद्यांपुरती. आणि तू ज्या दुकानात गेलास तिथे क्रेडिट कार्ड चाललं नसेल, कोपऱ्यात एटीएम असेल, बरोबर? त्याचंही कारण हेच. पैसा फेडरल कायद्याच्या नजरेत काळा, म्हणून बहुतेक बँका हात लावत नाहीत.

नागरिकांना हा सगळा घोळ सहसा जाणवत नाही. आपल्याला जाणवतो, कारण व्हिसा, सीमा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व, सगळं फेडरल. त्या खिडकीपलीकडचा माणूस न्यू जर्सीचा कायदा वाचतच नाही. आणि इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट आहे: त्यासाठी अटक, खटला, शिक्षा यातलं काहीच लागत नाही. तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस की मी हे जवळ बाळगलं होतं, तर तेवढ्यावर प्रवेश नाकारता येतो.

आता पुतण्याचं. मोठ्या भावाचा मुलगा, मास्टर्स करत होता, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. शनिवार-रविवार मित्रांच्या गाडीतून कॅनडात गेला. परत येताना सीमेवरच्या एका नाक्यावर त्याला आत बोलावलं. अधिकाऱ्याने अगदी गप्पा मारल्यासारखं विचारलं, कधी मारिजुआना घेतलास का? हा म्हणाला, हो, दोनदा, जिथे लीगल आहे तिथेच. अधिकाऱ्याने कायद्यातली व्याख्या वाचून दाखवली, प्रश्न-उत्तरं टाईप केली, छापली. प्रत्येक पानावर याची आद्याक्षरं, शेवटी सही. त्याला वाटलं, नेहमीचेच कागद असतील. कागद पुरे झाले तेव्हा त्याला कॅनडाच्या बाजूला परत पाठवलं होतं आणि मित्रांची गाडी पुढे निघून गेली होती. आठ दिवसांनी तो टोरांटोहून मुंबईला गेला. त्याची खोली मी रिकामी केली. दोन बॅगा, कुकर, आणि वहिनीने दिलेला मेतकुटाचा डबा, अर्धा भरलेला. तो डबा अजून माझ्याकडे आहे. तात्पुरत्या व्हिसासाठी सूट मागता येते, ती मागितली, अकरा महिन्यांनी मिळाली. तोवर दोन सेमिस्टर गेली होती आणि भावाने शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज चालूच होतं.

मुलगा खोटं बोलला नाही, चोरी केली नाही, गाडी चालवताना नशेत नव्हता. त्याच दुकानात त्याच्या पुढे उभ्या असलेल्या अमेरिकन मुलाने तेच केलं आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते आमच्या काँग्रेसमनला दोनदा लिहून कळवलंय. पण तुझा अर्ज आज आहे तो कायदा पाहणार.

म्हणून खोटं बोल असंही मी सांगणार नाही. अर्जावर खोटं उत्तर दिलंस आणि ते सापडलं, तर फसवणुकीचा शिक्का बसतो, तो जन्मभर सुटत नाही. गांजापेक्षा तो जड आहे. अधिकाऱ्याने तोंडी विचारलं तर "वकिलाशी बोलल्याशिवाय मी याचं उत्तर देणार नाही" असं शांतपणे म्हणता येतं. व्हिसावर असशील तर तेवढ्यावरूनही कदाचित परत पाठवतील, पण सही केलेल्या कबुलीपेक्षा ते कितीतरी बरं. ग्रीन कार्डच्या मेडिकलला डॉक्टर विचारतात ते आपल्या तब्येतीसाठी नसतं, ते फॉर्मवर जातं आणि गेल्या बारा महिन्यांतला वापर तिथे अडचणीचा ठरू शकतो. वकिलाकडे आधी जा म्हणतो ते यासाठीच.

ऑफरबद्दल मला जास्त काळजी वाटते. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी जाहीर केलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यात काम करणंही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या "चांगल्या चारित्र्या"च्या आड येऊ शकतं. शिवाय वेगळं एक कलम आहे: अंमली पदार्थांच्या व्यापाराला मदत केली असं मानायला अधिकाऱ्याकडे सबळ कारण असलं तरी पुरतं. ग्रीन कार्डसाठी त्याला जवळजवळ सूट नाही. आणि त्या पैशाचा लाभ गेल्या पाच वर्षांत, माहीत असून, घेतलेले नवरा-बायको आणि मुलंही त्यात ओढली जातात. सॉफ्टवेअर लिहिणं म्हणजे गांजा विकणं नव्हे, हे मला पटतं. पण ते सिद्ध करत बसायची वेळ बायकोच्या अर्जावर का आणायची?

"आता कायदा बदलतोय" हे कुणीतरी लिहिलंय त्याबद्दल. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा तिसऱ्या यादीत हलवायचा प्रस्ताव मांडला. औषध कंपन्यांना आणि दुकानांच्या टॅक्सला त्याचा मोठा फरक पडेल. इमिग्रेशनचं कलम मात्र कुठली यादी ते विचारत नाही, पाचांपैकी कुठल्याही यादीतला पदार्थ त्याला पुरतो. गांजा जवळ बाळगणाऱ्यांना बायडन यांनी २०२२ मध्ये दिलेली माफीसुद्धा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी होती, एच-१बी वाल्यांसाठी नव्हती.

उरलेलं भराभर. न्यू जर्सीतून न्यूयॉर्कला नेलंस तरी फेडरल गुन्हा, दोन्हीकडे चालत असलं तरी. पूल ओलांडून फिलाडेल्फियाला नेलंस तर पेनसिल्व्हेनिया राज्याचाही. नॅशनल पार्कमध्ये फेडरल जमीन, फेडरल रेंजर. आणि भारतात जाताना बॅगेत चुकूनही नको. शिवरात्रीला भांग चालते ती १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याने नुसती पानं व्याख्येबाहेर ठेवली म्हणून. गमीतला अर्क त्यात बसत नाही.

आता शुक्रवारचं. कंपनीला आजच मेल कर आणि दोन आठवड्यांची मुदत माग, कारण सांगायची गरज नाही. वकील इमिग्रेशनचाच घे, ज्याने गांजाची प्रकरणं हाताळली आहेत असा. तुमच्या कंपनीचा वकील नको, तो कंपनीचा असतो. जाताना ऑफर लेटर, कंपनीचे ग्राहक कोण त्याची यादी, आणि दुकानात दारावर ओळखपत्र म्हणून लायसन्स दाखवलंस की भारतीय पासपोर्ट, ते नीट आठवून जा. पहिल्या भेटीत तो हे विचारेल.