खोली दक्षिणेची घ्या

ताई, तुम्ही दोघं 22 वर्षं मेलबर्नला आहात, पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचे, लेक साउथहॅम्प्टनला नोकरीला. तिच्याजवळ राहता यावं म्हणून जून ते ऑगस्ट इंग्लंडच्या दक्षिणेत, सॉल्झबरीत घर भाड्याने घेताय. "बघण्यासारखं काय ते कुणीही सांगेल, रोजचं जगणं कसं असतं ते सांगा," असं तुम्ही विचारलंय. मी सॉल्झबरीत 19 वर्षं राहते आहे आणि 2023 च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरात थेट तुमच्यासारखंच एक जोडपं तीन महिने राहून गेलं. मेलबर्नजवळच्या जिलाँगचं. ती शाळेतून निवृत्त झालेली, तो इलेक्ट्रिशियन. त्यांचीही लेक इथे जवळच, पहिलटकरीण, ऑगस्टमध्ये दिवस भरत होते. त्यांचं काय चुकलं आणि काय जमलं ते मी कुंपणापलीकडून रोज पाहिलं, म्हणून त्यांच्याच गोष्टीने सांगते.

पहिली चूक त्यांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या केली. वरच्या दोन खोल्यांपैकी उत्तरेची खोली निजायला घेतली. तुमच्याकडे घरांच्या जाहिरातीत उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीचं केवढं कौतुक असतं, कारण तिथे सूर्य उत्तरेकडून जातो. इथे तो दक्षिणेकडून जातो. हे शाळेत शिकलेलं असतं, पण अंगवळणी पडलेलं नसतं. आपल्या गावाकडे मे महिन्यात सूर्य पार डोक्यावर असतो, त्यामुळे आपल्यालाही या गोष्टीचा विचार करायची कधी वेळ येत नाही. त्या उत्तरेच्या खोलीत दिवसभर ऊन नाही. जूनमध्ये इथे सूर्य थेट पूर्वेला न उगवता ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे त्या खिडकीत ऊन दोनदाच येतं: पहाटे पाचच्या आत, थेट डोळ्यांवर, आणि रात्री आठनंतर, आपण झोपायच्या विचारात असताना. आठवडाभर दोघांच्या झोपेचं खोबरं झालं. तिने कपडेही घराच्या उत्तरेच्या बाजूला वाळत घातले होते, ते संध्याकाळी ओलेच्या ओले. आणि तो आयुष्यभर उन्हावरून दिशा धरणारा माणूस, बाजारातून बाहेर पडला की हटकून उलट्या गल्लीत शिरायचा. तेव्हा खोली दक्षिणेची घ्या, कपड्यांची दोरी दक्षिणेला बांधा, आणि जाड, काळं अस्तर असलेले पडदे आहेत का हे घरमालकाला आधीच विचारा. जूनच्या शेवटी रात्री दहालाही आभाळात उजेड असतो. सवय होईस्तोवर हे फार जड जातं.

आता खरा मुद्दा. 2023 चा जून हा ब्रिटनमध्ये तोवरच्या नोंदींतला सर्वांत उष्ण जून होता. त्याची सरासरी होती 15.8 अंश. दिवसरात्रीची मिळून सरासरी आहे ही, तरी तुम्हाला आकडा वाचून काय वाटेल ते मला कळतंय. त्या दोघांनाही तसंच वाटलं. बहुतेक दिवस चोवीस-पंचवीस अंश, निळंभोर आभाळ, आणि ती मला म्हणायची, "छान वसंत आहे तुमचा, उन्हाळा लागला की समुद्रावर जाऊ." समुद्र, नदीकाठची सहल, लेकीला घेऊन बागेत जेवण, सगळं त्यांनी जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवलं. जूनभर सामान लावलं, घर आवरलं, बँकेची कामं केली. मग जुलै उजाडला आणि पाऊस लागला तो लागलाच. आपल्या आषाढासारखा कौलं वाजवणारा पाऊस नव्हे तो. तसा असता तर निदान खिडकीत बसून भजी खाता आली असती. हा भुरभुर, थांबतो म्हणता म्हणता परत येणारा, अंगावर स्वेटर चढवायला लावणारा. जुलैच्या मध्यावर ती आमच्या स्वयंपाकघरात चहा घेत बसली होती आणि एकदम म्हणाली, "म्हणजे तोच उन्हाळा होता का?" तिचा चेहरा मला अजून आठवतो. मलाच वाईट वाटलं, मी आधी का नाही बोलले.

म्हणून तुम्हाला आधी सांगते. इथे उन्हाळा महिन्यांवर मोजू नका, तासांवर मोजा. ऊन पडलं की कपड्यांच्या घड्या, दळण, बँक सगळं बाजूला ठेवायचं आणि बाहेर पडायचं. जुलैच्या शेवटी त्यांना हे साधलं. दाराशी एक टोपली कायम भरलेली असायची: अंथरायला चादर, दोन छत्र्या, दोन स्वेटर, सनस्क्रीन, चहाचा थर्मास. दिवसभर पाऊस पडून संध्याकाळी सहाला उघडलं तरी ती दोघं निघायची, कारण अंधाराला अजून तीन तास असायचे. आपल्या गावाकडे सहा वाजले की दिवस संपल्यासारखं वाटतं. इथे उन्हाळ्यात सहाला दुसरा दिवस सुरू होतो. कित्येकदा तोच जास्त चांगला निघतो, वारा पडलेला असतो आणि ऊन मऊ झालेलं असतं.

त्या संध्याकाळी कुठे जायचं? माझं ऐकाल तर गाडी काढू नका. क्वीन एलिझाबेथ बागेतून हार्नमकडे जाणारी पायवाट आहे, टाउन पाथ म्हणतात, पाणथळ कुरणांमधून जाते. मागे वळून पाहिलं की कॅथीड्रलचा 123 मीटरचा मनोरा, पुढे गुरं, बाजूला पाणी. इथली आणखी एक पद्धत ऑस्ट्रेलियातून येणाऱ्याला खरी वाटत नाही: शेतकऱ्याच्या खाजगी शेतातून, त्याच्या गुरांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा. कायद्याने तो आपला हक्क आहे. फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं, वाट सोडायची नाही, बस. आमचा तो इलेक्ट्रिशियन शेजारी बिचारा पहिल्या दिवशी फाटकाशी थांबूनच राहिला, कोणी ओरडेल म्हणून. ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 चा नकाशा विकत घ्या, त्यात सगळ्या पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात.

आणि तो गवतातून चालताना पाय आपटत चालायचा. साप! पादत्राणं घालण्याआधी उलटी करून झटकायचा, कोळी असेल म्हणून. मी सांगितलं, इथे विषारी साप एकच, ॲडर, आणि तो माणसाची चाहूल लागली की निघून जातो. तीन महिन्यांत त्याची सवय गेली नाही ती नाहीच. पण ज्याला भ्यायला हवं होतं ते त्याला माहीत नव्हतं. नेटल म्हणून एक रोप आहे, करवतीसारख्या कडांची, केसाळ, पुदिन्यासारखी दिसणारी पानं. वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं वाढतं. अर्धी चड्डी घालून त्यातून गेला आणि पोटऱ्यांवर पांढऱ्या गांध्या उठल्या. आपल्या खाजकुइलीची आठवण व्हावी अशी आग. इथल्या म्हाताऱ्या बायका डॉकचं रुंद पान चुरून त्यावर चोळायला सांगतात, ते बहुधा जवळच उगवलेलं असतं. मी चोळून दिलं, त्याला बरं वाटलं. तुम्ही मात्र लांब पँट घाला. उंच गवतातून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना तेही पाहा.

खिडक्यांना जाळ्या नसतात हे तिला शेवटपर्यंत खटकलं. रात्री दिवा लावून खिडकी उघडली की पतंग आत. ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या जॅमवर येतात. पण एका बाबतीत त्या दोघांनी आमच्या अख्ख्या गल्लीला शिकवलं. जूनमध्ये तीस अंशांच्या आसपास पारा गेला तेव्हा सगळे शेजारी दिवसभर खिडक्या सताड उघड्या टाकून रात्री उकडून निघत होते. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, एसी नाही, छताखालच्या खोलीची तर भट्टी होते. तिने सकाळी आठलाच खिडक्या लावल्या, पडदे ओढले, आणि रात्री बाहेर गार झाल्यावर सगळं उघडलं. आपल्या जुन्या वाड्यांत दुपारी हेच करायचे. पुढच्या दोन दिवसांत गल्लीतले निम्मे पडदे ओढलेले दिसले. पंखा मात्र आल्या आल्या घ्या. उकाड्याच्या पहिल्या दिवशी दुकानातले पंखे संपतात.

बोलण्याचं थोडं. "यू ऑलराइट?" असं दुकानात, रस्त्यात, सगळे म्हणतील. ते नुसतं नमस्कार-चमत्कार आहे. तिला वाटायचं आपण आजारी दिसतोय, आणि ती गुडघ्याचं सांगायला लागायची. "हो, तुम्ही?" एवढंच म्हणायचं. कॅप्सिकमला इथे पेपर, झुकिनीला कोर्जेट, एगप्लांटला ओबर्जीन, डूनाला, म्हणजे पांघरायच्या दुलईला, डुवे. चादरी-उशांसाठी तिने दुकानात "मँचेस्टर कुठे?" विचारलं तेव्हा त्या मुलीला काहीच बोध होईना, कारण तो अर्थ तुमच्याकडचा, इथला नाही. भाजी मंगळवारी आणि शनिवारी चौकातल्या बाजारात घ्या. जूनमध्ये स्ट्रॉबेरी आणि नवे बटाटे, जुलैच्या अखेरीपासून रनर बीन्स. त्या शेंगांची आपल्या घेवड्यासारखी, ओलं खोबरं घालून भाजी उत्तम होते, मी त्यांना दिली होती, दोघं पोळीबरोबर खात होते. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, हे विसरलात तर सोमवारी सकाळी चहाला दूध नाही.

कामाच्या गोष्टी भराभर सांगते. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर सहा महिन्यांपर्यंत राहायला व्हिसा नको, पण 8 जानेवारी 2025 पासून निघण्यापूर्वी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, घ्यावी लागते. सासूबाई बरोबर येणार असतील आणि त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांना व्हिजिटर व्हिसाच लागेल, तो आधी करा. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्यात आरोग्यसेवेचा परस्पर करार आहे, परत जाईपर्यंत थांबू न शकणारे उपचार एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मिळतात. पासपोर्ट आणि मेडिकेअर कार्ड जवळ ठेवा, प्रवासविमा तरीही काढा. जिवावरचं दुखणं नसेल तर 111 ला फोन करायचा. तुमचं लायसन्स वर्षभर चालतं आणि गाडी इथेही डावीकडूनच, पण वेग मैलांत असतो आणि खेड्यांतले रस्ते एका गाडीएवढेच, दोन्हीकडे उंच कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यावी लागते. वीज दोन्हीकडे 230 व्होल्टच, फक्त पिना वेगळ्या. त्याने घरून एक एक्स्टेंशन बोर्ड आणला होता, त्याच्या टोकाला एकच ॲडॉप्टर लावला की चारही चार्जर चालले. दोघं बरोबर फिरणार असाल तर रेल्वेचं टू टुगेदर कार्ड घ्या, तिकिटात एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी मात्र ते चालत नाही.

फोनचंही लक्षात असू द्या. उन्हाळ्यात मेलबर्न इथून नऊ तास पुढे, भारत साडेचार तास. इथे सकाळी आठ म्हणजे मेलबर्नला संध्याकाळचे पाच आणि पुण्यात दुपारचा साडेबारा. एका बैठकीत दोन्ही घरी बोलून होतं. ती रोज नाश्त्याच्या वेळी बहिणीशी बोलायची, तिकडे थंडी, हीटर लावलेला. पहिला महिना तिला घरची फार आठवण यायची आणि ते ती लपवायची नाही. तुम्हालाही येईल. भारत सोडताना आली होती तशी नाही, वेगळीच, कारण भाषा तीच, रस्त्याची बाजू तीच, दुकानातला ब्रेडही जवळजवळ तोच, आणि तरी काहीच आपलं नाही.

त्यांची ती आठवण मला कमी झालेली दिसली ती 16 जुलैला. साउथहॅम्प्टनला महिलांच्या ॲशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया क्रिकेट मालिकेचा, एकदिवसीय सामना होता, आम्ही चौघं गेलो. इथून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. इंग्लंडची नॅट सिव्हर-ब्रंट 111 वर नाबाद राहिली आणि तरी ऑस्ट्रेलिया तीन धावांनी जिंकली, ॲशेस त्यांच्याकडेच राहिल्या. आमच्या पुढच्या रांगेत एक इंग्लिश आजी नातीला घेऊन बसल्या होत्या. शेवटच्या चेंडूनंतर त्यांनी मागे वळून माझ्या शेजारणीचा हात हातात घेतला, पिशवीतला केकचा तुकडा दिला. परत येताना गाडीत ती म्हणाली, आज पहिल्यांदा वाटलं की मी इथे राहते. पुढच्या रविवारी ओल्ड ट्रॅफर्डला पुरुषांच्या कसोटीचा शेवटचा दिवस पावसाने धुऊन नेला, ऑस्ट्रेलियाच्या ॲशेस वाचल्या, तेव्हा तो अंगणात पावसात उभा राहून आम्हाला हाका मारत होता. असं काहीतरी गावातलं धरा, ताई. क्रिकेट नसेल तर गावची जत्रा, चर्चच्या आवारातली चहा-केकची विक्री, बागकामाचा गट. नुसतं लेकीच्या घरी जाऊन येऊन तीन महिने जात नाहीत. तिलाही नोकरी असते.

ऑगस्टमध्ये नात झाली. त्यानंतरच्या आठवड्यात ती दोघं बाळाला बाबागाडीत घालून त्याच टाउन पाथवर, संध्याकाळी सातला, झुडपांतली काळीभोर ब्लॅकबेरी वेचत होती. तो अजून पाय आपटतच चालत होता.

तुमची तारीख पक्की झाली की कळवा. मंगळवारी मी बाजारात असतेच. आमच्या माळ्यावर दोन पंखे आहेत, त्यातला एक तुमच्यासाठी पुसून ठेवते.