विहिरीत सापडलेला भाऊ आणि पोस्टमॉर्टेममधले तास

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रात्री साडेआठला जेवून मळ्यात मोटर चालू करायला गेला, तो सकाळी विहिरीतच सापडला. ज्यांच्याशी बांधाचा वाद आहे ते शेजारी म्हणतात, पहाटे पाचला आम्ही त्याला विहिरीवर बघितलं. दुपारी दोनला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पोस्टमॉर्टेम झालं. रिपोर्टात मृत्यू 12 ते 24 तासांपूर्वीचा, आणि कारण 'राखून ठेवले' असं आहे. शेजारी खोटं बोलतात हे यावरून सिद्ध होतं का? पोलीस आईकडून 'कुणावर संशय नाही' असा जबाब मागताहेत. (एक भगिनी, कागल तालुका)

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, आईंना त्या जबाबावर सही करू देऊ नका. संशय आहे तर तो जबाबात जसाच्या तसा लिहून घ्यायला लावा. पुढे न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो, की तेव्हा का बोलला नाहीत?

आता तासांचं. दुपारी दोनमधून 12 तास वजा केले तर रात्रीचे दोन वाजतात. शेजारी पाच सांगतात. फरक तीन तासांचा, आणि नुसत्या एवढ्यावर खटला टिकत नाही. ही वेळ ठरवताना डॉक्टर अंगाचा ताठरपणा, अंगाच्या खालच्या बाजूला साकळलेलं रक्त आणि शरीर किती थंड झालंय हे बघतात. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो, गार पाण्यात उशिरा. उलट पाण्यात अंग हवेपेक्षा लवकर थंड होतं. विहिरीतल्या मृत्यूत हे अंदाज असे एकमेकांना छेद देतात. 'दोन-तीन तास इकडेतिकडे होऊ शकतात' असं डॉक्टर उलटतपासणीत सांगतील, आणि ते खरंच असेल.

पण तुम्ही पाठवलेल्या प्रतीतली दुसरी ओळ मी तीनदा वाचली. जठरात सुमारे 200 ग्रॅम अर्धवट पचलेली भाकरी आणि भात. साडेआठला जेवलेला माणूस पाचपर्यंत जिवंत असता, तर साडेआठ तासांत जठर बहुधा रिकामं झालं असतं. ताठरपणापेक्षा मला ही नोंद वजनदार वाटते. मात्र भीती, मार, आजार यांनी पचन मंदावतं, आणि रात्री त्याने परत काही खाल्लं असेल तर सगळं गणितच बदलतं. म्हणून त्याचं शेवटचं जेवण किती वाजता झालं, काय होतं, मळ्यात डबा नेला होता का, हे आई आणि वहिनींच्या जबाबात आजच नोंदवा.

रिपोर्टातला कॉलम 17, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या जखमांची नोंद, तीसुद्धा बघा. डोक्याच्या मागे जखम लिहिली आहे. ती जिवंतपणीची की मृत्यूनंतरची, यावर डॉक्टरांचा लेखी अभिप्राय मागा. विहिरीच्या दगडावर आपटूनही जखम होते, त्यामुळे तेवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका.

कारण 'राखून ठेवलं' याचा अर्थ दडवलं असा नाही. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले आतल्या अवयवांचे नमुने, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, त्याचा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आला की डॉक्टर अंतिम अभिप्राय देतात. त्यात दारू किंवा विष होतं का, हे कळेल. बुडून मृत्यू झाला का, याला मात्र वेगळा पुरावा लागतो. जिवंत माणूस पाण्यात गुदमरला तर पाण्यातले सूक्ष्म शैवाल, म्हणजे डायटम, रक्तावाटे हाडाच्या मगजापर्यंत पोचू शकतात. ते त्याच विहिरीचे आहेत का हे ताडायला विहिरीच्या पाण्याचा नमुना हवा. तो घेतला का, हे तपास अधिकाऱ्यांना लेखी विचारा. पाऊस पडला, पंपाने उपसा झाला की ते पाणी परत मिळत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे अकस्मात मृत्यूचा अहवाल पोलिसांनी 24 तासांत जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे पाठवायचा असतो. तिथे मरणोत्तर पंचनाम्याच्या प्रतीसाठी अर्ज करा. एवढं करूनही गुन्हा नोंदवत नसतील, तर कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तिथेही दाद मिळाली नाही, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जाला तक्रारीची प्रत, पोचपावती आणि शपथपत्र जोडावं लागतं.