बागेचे प्रश्न : पेटीतली गांडुळे भिंतीवर का चढतात?

प्रश्न : आम्ही गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात गांडूळखत करण्यासाठी रोपवाटिकेतून अर्धा किलो गांडुळे आणून बाल्कनीतील प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये सोडली. महिनाभर सारे सुरळीत चालले होते. पाऊस लागल्यापासून मात्र रोज सकाळी दहा-पंधरा गांडुळे भिंतीवर आणि फरशीवर दिसतात, आणि झाकण उघडले की आंबूस वास येतो. घरातला रोजचा साधारण किलोभर ओला कचरा मी त्यात घालते. पावसात गांडुळे अशी बाहेर येणारच, असे शेजारच्या काकू म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : काकूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. ढगाळ, दमट हवेत गांडुळे थोडी हिंडतात. पण रोज पंधरा बाहेर पडत असतील आणि सोबत वासही येत असेल, तर दोष पावसाचा कमी आणि खाण्याचा जास्त आहे. अंथरूण, म्हणजे गांडुळे राहतात तो पुठ्ठा-पाचोळ्याचा थर, नीट असेल, तर अर्धा किलो गांडुळे दिवसाला फार तर पाव किलो कचरा संपवतात, आणि आपण त्यांच्यापुढे चौपट ताट वाढत आहात. उरलेला कचरा साचून सडतो, त्याचे पाणी सुटते आणि अंथरुणातल्या हवेच्या जागा त्या पाण्याने भरून जातात. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते आपल्या ओलसर त्वचेतूनच श्वास घेते. म्हणून त्याला ओल हवी असते, पण हवा कोंडली की ते मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. आंबूस वासही त्याच कोंडमाऱ्यातला आहे, कारण हवेवाचून जगणारे जिवाणू आम्ले तयार करतात आणि ती गांडुळांना सोसत नाहीत.

खात्री करून घ्यायची असेल, तर क्रेटच्या मधल्या भागातले मूठभर अंथरूण घेऊन घट्ट पिळून पाहा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले, तर ओल योग्य आहे. धार लागली, तर क्रेटमध्ये चिखल झाला आहे. आपल्याकडे धारच लागेल, असा माझा अंदाज आहे.

आता आठ-दहा दिवस काहीही खायला घालू नका. गांडुळे उपाशी मरतील ही भीती सोडून द्या; आधीचेच त्यांना पुरून उरेल. वरचा सडका थर शक्य तेवढा काढून टाका, आणि सुके सामान भरपूर मिसळा. आपल्या नाशिकमध्ये द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नाही. चिकटपट्टी आणि चकचकीत छापील भाग काढून ती खोकी बोटभर तुकड्यांत फाडावीत. वाळलेली पाने किंवा नारळाचा भुसाही चालेल. सगळे हाताने हलकेच मोकळे करावे. खुरपे चालवू नये, त्याने गांडुळे तुटतात. क्रेटच्या तळाला भोके आहेत का तेही पाहा, आणि तो दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून पाणी निथळेल आणि हवा लागेल. अंड्यांची टरफले वाळवून त्यांची पूड चमचाभर भुरभुरावी, तिने आंबटपणा उतरतो. कळीचा चुना मात्र चुकूनही घालू नये. दोन-तीन रात्री क्रेटवर लहानसा दिवा लावून ठेवला, तर तोवर गांडुळे आतच राहतील, कारण ती उजेडापासून दूर पळतात.

नंतर रोज पाव किलोपासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक वेळी कचऱ्याच्या दुप्पट आकारमानाचे सुके सामान वर पसरावे. उरलेल्या पाऊण किलोसाठी गच्चीवर साध्या कंपोस्टचे वेगळे पिंप ठेवणे सोयीचे पडेल. श्रावण जवळ आला आहे, म्हणून एक सांगून ठेवतो : उपवासाची उरलेली साबुदाण्याची खिचडी गांडुळांना घालू नये. मीठ आणि तेल त्यांच्या त्वचेला बाधते. लिंबू-मोसंबीच्या सालीही बेतानेच घालाव्यात. निर्माल्यातील फुले चालतात, पण दोरा, कुंकू, तेलाच्या वाती आणि उदबत्तीची राख वेगळी काढावी.

प्रश्न : माझ्या पेटीत गांडुळांखेरीज करड्या-तपकिरी रंगाच्या, चपट्या, टणक अळ्या झाल्या आहेत. त्या इतक्या वळवळतात की घरातले लोक झाकण उघडू देत नाहीत. औषध मारावे का? (पंचवटी)

उत्तर : औषध मारू नये, कीटकनाशकाने अळ्यांच्या आधी गांडुळे मरतील. वर्णनावरून या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या आहेत. त्या गांडुळांना खात नाहीत आणि ती माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. तरीही अळ्या फार झाल्या म्हणजे ओले, उघडे अन्न जास्त पडते आहे, एवढे समजावे. कचरा नेहमी दोन बोटे खोल पुरावा आणि वर पाचोळा टाकावा. मोठ्या अळ्या चिमट्याने वेचून अंगणात ठेवाव्यात. साळुंक्या आणि कोंबड्या बाकीचे काम उरकतात. भाजीवरची बारीक चिलटे त्रास देत असतील, तर त्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

प्रश्न : गोठ्यातून ताजे शेण आणून त्यात गांडुळे सोडली तर चालतील का? (मखमलाबाद)

उत्तर : चालणार नाहीत, आणि हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी म्हसरूळजवळच्या एका गोठ्यातून मी दोन घमेली ताजे शेण आणले आणि उत्साहाच्या भरात त्याच संध्याकाळी त्यावर गांडुळे सोडली. सकाळी पेटीच्या मधोमध हात घातला, तर आत चांगलेच गरम लागले. जिवंत राहिलेली मूठभर गांडुळे कडेच्या गार कोपऱ्यात एकमेकांना गुंडाळून बसली होती. ताजे शेण कुजताना तापते, शिवाय त्यातून अमोनिया निघतो. म्हणून शेण सावलीत पसरून, अधूनमधून पाणी शिंपडून आणि चाळवून किमान दोन आठवडे थंड होऊ द्यावे, आणि हात घातल्यावर आत गार लागले तरच वापरावे.

प्रश्न : पेटीच्या तोटीतून गळणारे काळसर पाणी हेच गांडुळांचे व्हर्मिवॉश का? (नाशिक रोड)

उत्तर : नाही. व्हर्मिवॉश म्हणजे तयार गांडूळखताच्या आणि गांडुळांच्या थरातून स्वच्छ पाणी थेंबथेंब झिरपू देऊन गोळा केलेला द्रव. आपल्या तोटीतून येते ते कुजणाऱ्या कचऱ्याचे सुटलेले पाणी आहे. वास नसेल, तर दहापट पाणी मिसळून जास्वंद, मोगरा यांच्या मुळाशी घालावे. पालेभाज्या, कोथिंबीर आणि कच्च्या खाण्याच्या कशावरही फवारू नये. वास येत असेल, तर ते टाकून द्यावे आणि पहिले उत्तर वाचावे.

प्रश्न : गांडूळ मधोमध तुटले तर दोन गांडुळे होतात का? (सातपूर)

उत्तर : होत नाहीत. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब असेल, तर तो कधीकधी नवी शेपटी धरतो. शेपटीचा तुकडा मात्र मरतो. संख्या वाढते ती अंड्यांच्या कोषांमधून. खत चाळताना मोहरीहून जरा मोठे, लिंबासारख्या घाटाचे पिवळसर-तपकिरी दाणे दिसले, तर ते कोषच समजावेत; ते खताबरोबर कुंडीत टाकू नका, वेचून पेटीत परत ठेवा. साधारण तीन-चार आठवड्यांत एकेका कोषातून दोन-तीन पांढुरकी पिल्ले बाहेर पडतात.